सेल्सचे मेल जायचे कुठे? भोसरीतल्या एका कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतला एक मशिनिंगचा कारखाना. साधारण पन्नास माणसं, सीएनसी आणि व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशीन, गाड्यांचे बुश, पिन, स्पेसर असले छोटे पार्ट. मी तिथला नोकर नाही, बाहेरून त्यांच्या कॉम्प्युटर आणि नेटवर्कचं एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचं कंत्राट, बघतो. कारखान्याचं आणि माणसांचं नाव कुठे घेत नाही, बाकी सगळं जसं झालं तसं लिहितोय.

मेलची व्यवस्था अशी होती की वेबसाइटच्या शेअर्ड होस्टिंगबरोबर जे मेल अकाउंट फुकट मिळतात तेच वर्षानुवर्षं चालू. एकूण ३१ आयडी. प्रत्येक पीसीवर आउटलुक, सगळे पॉपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून पीसीतल्या पीएसटी फाइलमध्ये ठेवायचे. होस्टिंगची जागा सगळ्यांत मिळून १० जीबी, त्यामुळे सर्व्हर रिकामा ठेवणं भागच होतं. आणि एक सेल्सचा कॉमन आयडी, ज्याचा पासवर्ड एकच आणि तो पाच पीसीवर टाकलेला: सेल्स बघणाऱ्या ताई (मोठ्या साहेबांची मुलगी), त्यांच्या हाताखालचे दोघं, क्वालिटी आणि डिस्पॅच.

पाच जण एकच पेटी उघडतात म्हणल्यावर प्रत्येक आउटलुकमध्ये "मेलची एक प्रत सर्व्हरवर ठेवा, १४ दिवसांनी काढा" ही टिक लागते. ती टिक असेपर्यंत पाचही जणांना सगळे मेल दिसतात. ही गोष्ट कुठे लिहून ठेवलेली नव्हती, ज्याने कोणी पूर्वी सेट केलं होतं त्याच्या डोक्यात होती.

नेमकं काय झालं

२०२४ च्या पावसाळ्यात एका मोठ्या कस्टमरने एका बुशच्या ड्रॉइंगची नवी रिव्हिजन पाठवली. आधीचं बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, २२.५० मिमी, नवीन २२.०० मिमी. मेल सेल्सच्या आयडीवर आला, पण ताईंना दिसलाच नाही. शॉपवर जुन्याच ड्रॉइंगप्रमाणे ४०० नग झाले, गेले, आणि कस्टमरच्या इनवर्ड इन्स्पेक्शनला (माल आत घेतानाच्या तपासणीला) अडकले. बोअर लहान झालं असतं तर परत मशीनवर लावून मोठं करता आलं असतं, पण मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. ४०० नग भंगारात, वर कस्टमरची डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची रक्कम आमच्या नावे.

कस्टमरच्या परचेसवाल्याने त्याच्याकडचा पाठवलेला मेल तारीख-वेळेसकट परत पाठवला, त्यामुळे "तुम्ही पाठवलाच नाही" म्हणायलाही जागा उरली नाही. आणि मग एकेक बाहेर यायला लागलं. एका कोटेशनला उत्तर नाही म्हणून ऑर्डर दुसरीकडे गेलेली, एका व्हेंडरचं लेजर कन्फर्मेशन (हिशोब जुळल्याचं उत्तर) राहिलेलं. त्याच सुमारास आपल्याकडून जाणारे कोटेशनही दोन कस्टमरकडे स्पॅममध्ये पडत होते. साहेबांनी मला फोन करून सांगितलं की आपला मेल बिघडलाय, येताही येत नाही आणि जातही नाही.

पहिले तीन आठवडे

इथे माझा निर्णय चुकला. मी येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलचा त्रास एकच धरला. आमचं डोमेन स्पॅमच्या यादीत गेलं असेल, म्हणून दोन्हीकडे अडचण आहे, असं मानून चाललो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगलने जीमेलवर पाठवणाऱ्या सगळ्यांना एसपीएफ किंवा डीकिम, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे दाखवणाऱ्या खुणा, यातलं किमान एक असणं सक्तीचं केलं होतं (दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क, म्हणजे खुणा जुळल्या नाहीत तर मेलचं काय करायचं ती सूचना), त्यामुळे हा विषय तेव्हा सगळीकडे चालू होता आणि माझं डोकंही तिकडेच गेलं.

त्यातून एक खरा दोष सापडला. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनचे पत्ते जिथे नोंदवलेले असतात तिथे) एसपीएफचे दोन वेगवेगळे रेकॉर्ड होते, एक जुन्या होस्टिंगवाल्याने टाकलेला आणि एक वेबसाइट बनवणाऱ्याने. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरला आहे त्याची यादी, आणि नियम असा की एका डोमेनला ती एकच असायला हवी. दोन सापडल्या की समोरचा सर्व्हर त्याला चूक धरतो, जणू काही यादीच नाही. दोन्ही मिळून एक केला आणि आठवड्याभरात कोटेशन स्पॅममध्ये जायचं बऱ्यापैकी थांबलं.

पण येणारे मेल गायब व्हायचं तसंच चालू. मी होस्टिंगच्या सपोर्टला तिकीट टाकत बसलो. ते प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायचे, मेल तुमच्या मेलबॉक्समध्ये डिलिव्हर झालेला आहे. मला वाटायचं टाळाटाळ करतायत. खरं तर ते बरोबर सांगत होते.

साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "अहो, मेल तर इतकी वर्षं असाच चालूये, मग आत्ताच का बिघडला?" हा प्रश्न मी कागदावर लिहून घ्यायला हवा होता. तेव्हा मी त्यांना गुगलचे नियम समजावत बसलो.

वेळेवरून सापडलं

चौथ्या आठवड्यात ताईंनी कस्टमरच्या परचेसकडून न पोचलेल्या सगळ्या मेलची यादी मागवली, पाठवल्याच्या वेळेसकट. नऊ मेल होते. त्याच कस्टमरचे पोचलेले मेल आम्ही शेजारी लिहिले. वही समोर होती आणि डावीकडच्या रांगेत ११.१०, १२.४०, ३.०५, ४.५०, तर उजवीकडे सकाळी ९.२०, संध्याकाळी ७.१५, रात्री ९.००. हरवलेला एकही मेल दहाच्या आधीचा नाही आणि सहाच्या नंतरचा नाही.

स्पॅम फिल्टर घड्याळ बघून काम करत नाही. हे ऑफिसच्या वेळेत चालू असणाऱ्या कुठल्यातरी मशीनचं काम होतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये लॉगिन दिसत होते, पण अख्ख्या ऑफिसचा बाहेरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, एकच, त्यामुळे पाचपैकी कुठला पीसी ते कळेना. मग एकेका पीसीसमोर बसून सेटिंग उघडलं. चौथा पीसी डिस्पॅचचा होता. तिथे सर्व्हरवर प्रत ठेवायची टिक नव्हती, आणि मेल तपासायची वेळ होती दर १ मिनिटाला. बाकी चौघांकडे ३० मिनिटं.

म्हणजे दहा वाजता डिस्पॅचचा पीसी चालू झाला की सेल्सला आलेला मेल मिनिटाच्या आत तो ओढून घ्यायचा आणि सर्व्हरवरून पुसून टाकायचा. संध्याकाळी सहाला पीसी बंद झाला की पुढचे मेल सगळ्यांना दिसायचे. त्या इनबॉक्समध्ये २१४ मेल न वाचलेले होते, सगळ्या ओळी जाड अक्षरात, आणि स्क्रोल करत गेल्यावर ते बुशचं ड्रॉइंग, अटॅचमेंटच्या क्लिपसकट.

डिस्पॅचचा मुलगा घाबरला. म्हणाला, "दादा, ते तर सगळ्यांनाच येतात ना? मी फक्त गाडीचे आणि चलनाचे बघतो." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याचा पीसी जूनमध्ये बदलला होता, नवीन पीसी देणाऱ्याच्या माणसाने आउटलुक नव्याने टाकून दिलं, त्याला टिकचं कोणी सांगितलं नव्हतं. एक मिनिटाची वेळ मात्र मुद्दाम लावून घेतलेली, कारण गाडी गेटवर उभी असते आणि कस्टमरचा गेटपास मेलवर येतो. "आत्ताच का" याचं उत्तर ते होतं. साहेबांचा पारा चढलेला, पण ताईंनी त्या मुलाला कॅबिनमध्ये बोलवू दिलं नाही, आणि मी पण साहेबांना सांगितलं की पीसी बदलल्यावर तपासायचं काम एएमसीत माझं आहे, त्याचं नाही.

कोणते पर्याय होते

टिक लावली आणि त्याच दिवशी गळती थांबली. मग प्रश्न आला की एवढ्यावर थांबायचं का. साहेबांचं मत होतं की झालं की आता, कशाला खर्च. पण पुढचा पीसी बदलला, कुणी आउटलुक परत टाकलं की हेच परत, आणि तेव्हा कळायला पुन्हा ४०० नग लागणार.

दुसरा पर्याय त्याच होस्टिंगवर आयमॅप करायचा. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो, कोणी ओढून नेत नाही. पण १० जीबीत ३१ आयडी आणि ड्रॉइंगच्या अटॅचमेंट, दोन महिन्यांत पेटी फुल्ल होऊन मेल परत जायला लागले असते. हा लगेच सोडला.

तिसरा, सगळं मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, म्हणजे त्यांच्या क्लाउडवरच्या मेलवर न्यायचं. त्यात दर आयडीला दर महिन्याचे पैसे, आणि ३१ ने गुणलं की साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

चौथा साहेबांनीच सुचवला: महत्त्वाचे दहा आयडी क्लाउडवर, बाकीचे जुन्याच जागी. ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि बरेच जण करतातही. पण एका डोमेनचे मेल दोन ठिकाणी ठेवले की आलेला मेल कुठल्या पेटीत टाकायचा ते राउटिंग कायम सांभाळावं लागतं, आणि आमचा सगळा त्रासच मेल भलत्या पेटीत पडण्याचा होता. या एका गोष्टीवर मी अडून बसलो.

तोडगा निघाला तो मोजणीतून. ३१ आयडीची यादी काढून प्रत्येकापुढे लिहिलं, कोण वापरतं. सहा आयडी नोकरी सोडून गेलेल्यांचे. आठ सुपरवायझरचे, जे महिन्यातून एकदा उघडले जायचे. चार कॉमन: सेल्स, अकाउंट्स, क्वालिटी, डिस्पॅच. खरे वापरणारे १३. आणि कॉमन आयडीसाठी ३६५ मध्ये शेअर्ड मेलबॉक्स मिळतो, ५० जीबीपर्यंत वेगळं लायसन लागत नाही, फक्त उघडणाऱ्याकडे स्वतःचं लायसन पाहिजे. त्यात पासवर्ड वाटायचा नसतो, माणूस स्वतःच्या लॉगिनने येतो. १३ लायसनला साहेब तयार झाले.

गेलेल्या माणसांचे आयडी बंद करून टाकायचं ठरत होतं, तेवढ्यात ताई म्हणाल्या, आधी उघडून तर बघू. तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या एका सेल्सवाल्याच्या पेटीत चालू वर्षाच्याच तीन चौकश्या पडलेल्या होत्या, न वाचलेल्या. म्हणून ते सहाही आयडी सेल्सच्या शेअर्ड मेलबॉक्सला जोडून दिले. सुपरवायझरच्या आयडीचंही तसंच, दोघांनी सांगितलं की कस्टमरचे क्वालिटीचे रिपोर्ट आमच्याच नावाने येतात, मग ते आठही क्वालिटीला जोडले.

काय केलं

दिवस ठरवायलाच वेळ गेला. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून बुधवारी रात्री बदलायचं सोयीचं. पण बाहेरगावच्या कस्टमरला गुरुवारी सुट्टी नसते, त्यांचे मेल येतच राहतात. मग मंगळवारीच डीएनएसचा टीटीएल १४,४०० सेकंदांवरून ३०० वर आणला. टीटीएल म्हणजे जगातले बाकीचे सर्व्हर आपला जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ, चार तासांवरून पाच मिनिटांवर. बुधवारी रात्री नऊला एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचे ती नोंद) बदलला आणि अर्ध्या तासात मेल नव्या जागी यायला लागले. एसपीएफ नव्याने लिहिला, डीकिमचे दोन सीनेम (डीएनएसमधल्या नोंदी) टाकले, डीमार्क "फक्त रिपोर्ट दे, मेल अडवू नको" या पातळीवर चालू केला.

जुन्या पीएसटी फाइल चढवायला मात्र पूर्ण दोन आठवडे लागले. ताईंची एकटीची फाइल ३८ जीबी. अकाउंट्सच्या मॅडमची एक फाइल जुन्या फॉरमॅटमधली होती, ज्याची मर्यादाच २ जीबी, आणि ती तिथवर भरून बिघडलेली, आउटलुकचं दुरुस्तीचं टूल तीनदा चालवल्यावर उघडली. मॅडम तोवर माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या, कारण जीएसटीच्या नोटिशीला लागणारी पत्रं त्यात होती.

जे सुटलं

अकराव्या दिवशी ताईंनी सहज विचारलं, वेबसाइटवरून एकही चौकशी कशी नाही आली. मी फॉर्म भरून बघितला, "तुमचा मेसेज पाठवला" असं हिरव्या अक्षरात आलं, मेल मात्र कुठेच नाही.

वेबसाइट अजून जुन्या होस्टिंगवरच होती. तिथल्या सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये) ईमेल राउटिंगचं एक सेटिंग असतं, लोकल की रिमोट. ते लोकलवर राहिलं होतं. त्यामुळे बाहेरच्या जगाला नवा पत्ता माहीत होता, पण त्या सर्व्हरला मात्र वाटत होतं की या डोमेनची पेटी माझ्याच घरात आहे. फॉर्मचा मेल तो बाहेर पाठवतच नव्हता, जुन्या पेटीत टाकत होता. तिथे अकरा दिवसांच्या सात चौकश्या सापडल्या. आधी डिस्पॅचच्या पीसीत मेल पडत होते, आता मी सोडून दिलेल्या पेटीत. सेटिंग रिमोट केलं, ताईंनी सातही जणांना फोन केले, पाच जण अजून थांबलेले होते.

दुसरी चूक डीमार्कच्या रिपोर्टमधून सापडली. त्यात रोज एका अनोळखी आयपीवरून आमच्या नावाने मेल जाताना दिसायचे. आधी वाटलं कुणीतरी फसवणूक करतंय. तो निघाला पगाराच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर, हजेरीचे आणि पगारस्लिपचे मेल तिथून जायचे. मी नवी यादी करताना तो घ्यायचा राहिला होता. ७ तारखेच्या स्लिप बऱ्याच जणांच्या जीमेलमध्ये स्पॅमला गेल्या आणि लोक एचआरच्या दारात उभे. तो सर्व्हर एसपीएफमध्ये घातला. अडवण्याची पातळी पहिल्याच दिवशी लावली असती तर त्या स्लिप आमच्याच सांगण्यावरून अडवल्या गेल्या असत्या, आणि रिपोर्टची पातळी आधी ठेवायची ती याचसाठी.

माणसांच्या सवयी

मेल पोचायला लागले, पण उत्तर कोण देणार हा घोळ उरलाच. आधी पाच जण बघायचे आणि प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्याने दिलं असेल. आता शेअर्ड मेलबॉक्समध्ये मेल उघडला की आपल्या नावाचा रंग लावायचा असं ठरलं. ताईंचा निळा, क्वालिटीचा हिरवा, डिस्पॅचचा पिवळा. दुपारी साडेचारला बिनरंगाचे जेवढे उरतील ते ताईंनी वाटून द्यायचे.

पहिल्या आठवड्यात रंग लागले, पण तरी एकाच कस्टमरला दोन वेगळे रेट गेले. कारण शेअर्ड मेलबॉक्समधून दिलेलं उत्तर मूळ सेटिंगमध्ये देणाऱ्याच्या स्वतःच्या सेंट फोल्डरमध्ये जातं, बाकीच्यांना ते दिसत नाही. त्याची प्रत शेअर्ड पेटीतही राहील असं ॲडमिनमधून वेगळं चालू करावं लागतं. ते केल्यावर दुबार उत्तरं थांबली.

सगळ्यात अवघड होतं ते सीसी. प्रत्येक मेलला साहेबांना सीसी ठेवायची जुनी पद्धत. रोज दीडशे-दोनशे मेल त्यांच्याकडे, त्यातला एखादाच त्यांच्या कामाचा, आणि स्टोअरचे काका सुद्धा सुट्टीचा मेल टाकताना साहेबांना सीसी करायचे, त्यावर आणखी दोघं सगळ्यांना उत्तर द्यायचे. साहेब म्हणाले, "सीसी काढली तर मला कळणार कसं?" मी विचारलं, ड्रॉइंगचा मेल आला नाही हे तुम्हाला सीसीतून कळलं का? ते काहीच बोलले नाहीत, थोड्या वेळाने म्हणाले, ठीके, नवीन ड्रॉइंग, रेट आणि रिजेक्शन या तिन्हींत मला ठेवा, बाकी काढा. अंमल व्हायला महिना लागला, कारण लोकांना भीती की साहेबांना सीसी नसेल तर उद्या आपल्या अंगावर येईल.

ड्रॉइंगच्या जड फाइलचाही त्रास होता. बऱ्याच कस्टमरकडे मेलची मर्यादा २५ एमबी, आणि अटॅचमेंट मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १९ एमबीची फाइल पण परत यायची आणि लोक म्हणायचे, अहो १९ च तर आहे. आता मेलवर फक्त पीडीएफ, थ्रीडी फाइल कस्टमरच्या पोर्टलवरून.

निकाल

डेबिट नोट भरावीच लागली, त्यात सूट मिळाली नाही. कस्टमर मात्र टिकला. ड्रॉइंगचा मेल आला की क्वालिटीने त्याच दिवशी रिव्हिजन नंबर लिहून "मिळालं" असं उत्तर द्यायचं, हे त्या कस्टमरनेच मागितलं आणि आता सगळ्याच कस्टमरसाठी चालू आहे. डीमार्क दोन महिन्यांनी संशयित मेल स्पॅममध्ये टाकण्याच्या पातळीवर नेला.

वेगळं काय करता आलं असतं

वेळेची ती यादी पहिल्याच दिवशी मागवायला हवी होती. ती मागवायला एक फोन लागला आणि आम्ही तो तीन आठवड्यांनी केला, मधल्या काळात किती मेल त्या पीसीत गेले ते मोजलेलं आहे, त्यामुळे हे मला लागून राहिलंय. दुसरं, येणारे आणि जाणारे मेल वेगळे धरायला हवे होते. जाणारे डीएनएसवर अडतात, येणारे बहुतेक वेळा आपल्याच घरात. तिसरं, बदलाआधी "या डोमेनच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं" ही यादी माणसांना विचारून केली, ती डीमार्कचा रिपोर्ट महिनाभर आधी चालू करून करायला हवी होती. माणसांना पगाराचं सॉफ्टवेअर मेल पाठवतं हे आठवत नाही, रिपोर्टमध्ये ते येतंच. आणि जुन्या होस्टिंगमधले मेल अकाउंट त्याच रात्री काढून राउटिंग बघितलं असतं तर सात चौकश्या अडकून पडल्या नसत्या.

सीसीचं मी आधी करायला हवं होतं की नंतर, याबद्दल अजून माझं आणि ताईंचं एकमत नाही. त्यांना वाटतं आधी माणसांचं ठरवून मग सिस्टिम बदलायला हवी होती. मला वाटतं मेल पोचतोय याची खात्री नसताना साहेबांनी सीसी सोडलीच नसती.

आता पीसी बदलला की एक छापील कागद भरावा लागतो, त्यात मेलची चार कलमं आहेत आणि खाली माझी सही. जुनं होस्टिंग वेबसाइटसाठी चालू आहे. दर महिन्याच्या १ तारखेला मी तिथलं राउटिंग तपासतो आणि वेबसाइटचा फॉर्म स्वतः भरून बघतो. या महिन्यात तो मेल सेल्सच्या पेटीत चाळीस सेकंदांत आला आणि ताईंनी त्याला निळा रंग लावला.